छातीशी धरलेली झांज

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. खरे सांगायचे तर अर्धीच, कारण झांज एकटी कधी वाजत नाही. मी डाव्या हातातली आणि माझी बहीण उजव्या हातातली. तळहातावर मावणाऱ्या छोट्या झांजा तुम्ही पाहिल्या असतील, आम्ही त्या नव्हेत. आम्ही चांगल्या परातीएवढ्या आहोत. मोठ्या वाद्यवृंदात सगळ्यात मागे, ड्रमच्या शेजारी, आमची जागा असते.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे फार नाही. तांबे आणि कथील वितळवले, लाटले, हातोडीने ठोकले, पुन्हा तापवले. दुखले का, असे तुम्ही विचाराल. आठवत नाही. कारागिराने बारा थाळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या, एकेकीला नखाने टिचकी मारली आणि आम्हा दोघींना बाजूला काढले. माझा आवाज जरा जाड होता, तिचा जरा बारीक. अशाच दोघींची जोडी जमते म्हणे.

आम्हाला घेतले मास्तरांनी. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण येताजाता सगळ्यांच्या चुका काढत, म्हणून वाद्यवृंदात त्यांना मास्तर म्हणत. त्यांचे काम मोठे मजेशीर होते. व्हायोलिनवाले तासभर घाम गाळत आणि मास्तर तासभर नुसते उभे राहत. बोटांवर दोनशे मात्रा मोजायच्या, आम्हाला उचलायचे, एकदाच वाजवायचे आणि लगेच दोघींना छातीशी दाबून आवाज बंद करायचा. त्यांच्या कोटाचे दुसरे बटण दर वेळी माझ्या कडेला लागे. तो ओरखडा अजून आहे. शेवटी त्यांच्या बायकोने ते बटणच उसवून टाकले.

ते दिवस कौतुकाचे होते. "मास्तरांची झांज वाजली, की बंद घराची सगळी दारं एकदम उघडल्यासारखी वाटतात," असे संचालक पाहुण्यांना सांगत. मी फुगून जाई. शेजारचा ड्रमवाला मात्र कानांत कापूस घालून बसे. मास्तर त्याची टर उडवत.

"अहो, कापूस उशीत घालतात, कानात नाही! आपलंच वाद्य आपल्याला ऐकायचं नसेल तर वाजवायचं कशाला?"

सगळे हसत. मलाही ते बोलणे फार आवडे.

मग मास्तरांच्या घरची दारावरची बेल बिघडली. त्यांनी ती बदलली. नवी बेलही बिघडली, म्हणून तीही बदलली. तिसरी बेल आणल्यावर बायको म्हणाली, "बेल ठीक आहे हो." ते वाक्यही तिला दोनदा म्हणावे लागले. पुढे एका तालमीत संचालकांनी तीनदा "हळू" म्हणून सांगितले आणि मास्तरांनी चौथ्यांदा आम्हाला पूर्ण जोराने वाजवले. कोणी हसले नाही. मास्तरांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले, आम्हाला पुसले आणि पिशवीत ठेवले. पिशवी घरी आणून कपाटात टाकली.

त्यांचे कान आम्ही नेले, मित्रांनो. माझ्या बहिणीने आणि मी, एकतीस वर्षे, रोज थोडे थोडे. हे कळल्यावर मी खूप रडले, असे तुम्हाला सांगायला हवे. पण तसे झाले नाही. छातीशी दाबल्यावर मी जशी बधिर होते, तशीच मी त्या कपाटात दोन वर्षे होते. कपाट उघडे, बंद होई. मला काही वाटत नसे.

मला बाहेर काढले ते मास्तरांच्या मुलीने. ती पस्तिशीची होती, तरी घरात तिला सगळे चिमणी म्हणत. ती त्याच वाद्यवृंदात लोखंडी सळईचा किणकिणणारा त्रिकोण आणि लहान ड्रम वाजवी. बापाची जागा तिला हवी होती. संचालक म्हणाले, "एक महिना देतो. नव्या रचनेत शेवटी एकच टोला आहे. तो जमला तर जागा तुझी. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल."

पहिल्याच तालमीत तिने आम्हाला उचलले, वाजवले आणि आवाज आला, "फप्." पुढचे व्हायोलिनवाले एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले.

ही चूक झांजवाल्यांनाच ठाऊक. दोन थाळ्या अगदी समोरासमोर, सगळ्या कडांनी एकाच वेळी भेटल्या, की मध्ये हवा अडकते. मग थाळ्या एकमेकींना चिकटतात आणि उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज येतो. आधी खालची कड टेकायला हवी, मग वरची, आणि दोहोंमध्ये पापणी लवण्याइतकेच अंतर हवे.

घरी सराव केला तर शेजारी भांडायला येतील, म्हणून चिमणी आम्हाला इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या खोलीत घेऊन जाई. दुपारी तिथे फारसे कोणी नसे. वाळत घातलेल्या चादरी बराचसा आवाज पिऊन टाकत. तिसऱ्या दिवशी मास्तर वर्तमानपत्र घेऊन खाली आले. त्यांनी त्याची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि आमच्या कडेजवळ धरली.

"वाजव."

फप्. अडकलेली हवा फस्सकन बाहेर आली आणि पट्टी उडाली.

"नीट वाजली तर ही नुसती थरथरेल," मास्तर म्हणाले. "मला ऐकू येत नाही, पण दिसतं ना."

मग रोज तेच चालू झाले. चामड्याच्या वादीत हात घालायचा नाही, अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीत ती मुळाशी धरायची. खांदे खाली ठेवायचे. मला जरा तिरकी धरायची आणि बहिणीला माझ्यावर पडू द्यायचे. चिमणी हे सगळे करी आणि शेवटच्या क्षणी बिघडवी. वर्तमानपत्राची चार पाने संपली. वाळलेले कपडे न्यायला आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई गं, आज तरी जमलं का?" चिमणीने नकारार्थी मान हलवली. महिन्यातले आठ दिवस उरले होते.

त्या दिवशी मास्तरांनी पट्टीकडे पाहिलेच नाही. ते मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला ते आधीपासून माहीत होते, पण मी सांगणार कशी? थाळ्या भेटायच्या आधी तिचे डोळे मिटत, मान वळे, खांदे कानांपर्यंत चढत आणि आम्ही दोघी एकमेकींवर सपाट आदळत असू.

"चिमे, घाबरतेस कशाला?"

ती काहीतरी पुटपुटली.

"माझ्याकडे तोंड करून बोल."

तिने तोंड वर केले आणि सावकाश म्हणाली, "बाबा, मला तुमच्यासारखं व्हायचं नाहीये."

मास्तरांना ओठ नीट वाचता आले नाहीत. "काय? पुन्हा सांग."

तिला ते पुन्हा सांगावे लागले. या वेळी त्यांना कळले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते जिना चढून वर निघून गेले. चिमणी यंत्रावर बसून राहिली. माझी कड तिच्या गुडघ्याला टेकली होती. मला वाटले, आता परत कपाट. त्याचेही मला फारसे काही वाटले नाही.

थोड्या वेळाने जिन्यात पावले वाजली. मास्तरांच्या हातात औषधांच्या डब्यातला कापूस होता. त्यांनी त्याचे दोन बोळे वळले, तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "घाल. सगळ्यांसमोर अक्कल शिकवायचो मी. मूर्ख होतो. तो ड्रमवाला शहाणा."

चिमणी यंत्रावरून उतरली, पण बोळे तिच्या हातातच राहिले. शेवटी त्यांनीच ते तिच्या कानांत बसवले, लहानपणी टोपी बांधत असतील तसे. मग पट्टी धरली.

तिने आम्हाला उचलले. डोळे उघडे होते. खालची कड टेकली, मग वरची. चादरींआड कपडे काढत असलेल्या काकूंच्या हातातला चिमटा खाली पडला. पट्टी नुसती थरथरली.

पुढे तिने दुकानातून कानांत घालायचे नीट प्लग आणले. कार्यक्रमात तिने दोनशे सोळा मात्रा मोजल्या, एकच टोला दिला आणि आम्हाला छातीशी धरले. संचालकांनी मान डोलावली. जागा तिची झाली. मी पुन्हा फुगले असेन, असे तुम्हाला वाटेल. नाही. मी फक्त वाजले.

सगळे गेल्यावर मास्तर रंगमंचामागे आले. "एकदा मला दे," ते म्हणाले. त्यांनी आम्हाला उचलून वाजवले आणि जुन्या सवयीने छातीशी दाबले. बटण नव्हतेच. मी तत्क्षणी गप्प झाले. पण मास्तरांनी आम्हाला सोडले नाही. डोळे मिटून ते तसेच उभे राहिले.

"अजून वाजतेय," ते म्हणाले.

ती त्यांच्या छातीची धडधड होती. चिमणीला ते कळले. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझ्यावरचा ओरखडाही असू द्या. तुमच्यापैकी कोणी मला उचललेच, तर आधी आपले कान झाका आणि मग खुशाल जोरात वाजवा. आणि एखादा म्हातारा वादक मला छातीशी धरून उभा दिसला, तर माझा आवाज थांबला आहे, हे त्याला लगेच सांगू नका.