ब्रॅमलीला आणूच

माझ्या नवऱ्याने, विल्फने, हॅदरशॉ टाउन फुटबॉल क्लबच्या मैदानाचं गवत तरुणपणापासून राखलं. डेस ब्रॅमली तेव्हा आमचा कप्तान. वरच्या गटात बढती मिळवून देणारा सामना त्याच्या एका पेनल्टीवर अडकला होता आणि ती त्याने स्टँडच्या छपरावरून मारली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात म्हणाला, "ते मैदान नव्हतं, बटाट्याचं शेत होतं. माझा पाय घसरला." गावाने ते खरं मानलं. विल्फने काम सोडलं आणि मैदानाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. ब्रॅमली मात्र डोंगरापलीकडच्या वैऱ्यांकडे जाऊन गोल मारत राहिला.

आता तोच आमचा मॅनेजर व्हायला निघाला होता.

आमचा क्लब आम्हा पाठीराख्यांच्याच मालकीचा. मॅनेजर कोण, हे स्टँडखालच्या खोलीत सभासद स्कार्फ उंचावून ठरवतात. नावं दोनच उरली होती, ब्रॅमली आणि मुलांच्या संघाला शिकवणारा किट ऑलरेन्शॉ.

"ब्रॅमली?" ऑसी खाटीक उसळला. "त्यापेक्षा माझ्या दुकानातलं डुक्कर बसवा बाकावर! निदान पलीकडच्यांना जाऊन मिळणार नाही."

"ऑसी, तुझं डुक्कर मेलेलं असतं रे," डोरीन म्हणाली.

"मग मागचा मॅनेजर काय जिवंत होता?"

खोली खदखदली. डोरीन म्हणाली, "पण किट अजून पोरगेला आहे. आपले खेळाडू त्याला चहा आणायला पाठवतील."

"विनी, तुझं काय?" अध्यक्ष एंट्विसलसाहेबांनी मला विचारलं.

"तिला कशाला छळता? मनातल्या मनात जप चालला असेल तिचा," ऑसी म्हणाला.

चाललाच होता. तो पुरा केला आणि म्हटलं, "ब्रॅमलीला घ्या."

डोरीनने माझा हात धरला. "अगं, एवढी क्षमा कुठून आणतेस तू?"

"क्षमा कुणी केली?" मी हळूच म्हटलं. "तो दुसरीकडे राहिला तर आपण नुसतं पेपरात वाचणार. इथे मॅनेजरचं बाकडं माझ्या रांगेपुढे हातभर अंतरावर आहे. दर पराभवाला तो तिथे उभा राहील आणि आपण काय म्हणतो ते त्याला ऐकावं लागेल. आता खापर फोडायला मैदानावर विल्फही नाही, तो घरी बसलाय."

मग ऑसीचा स्कार्फ वर गेला. "बाई गं, चर्चमध्ये हेच शिकवतात?" पाठोपाठ सगळी खोली स्कार्फांनी लाल-पांढरी झाली. किटला मिळाली ती त्याच्या आईची आणि मावशीची मतं.

एकच गोष्ट कुणाच्या मनात आली नव्हती. ब्रॅमली जिंकायला लागला.

नाताळापर्यंत आम्ही गुणतक्त्यात वरच्या चारांत होतो. ऑसी, डुक्करवाला ऑसी, त्याच्या नावाचं गाणं म्हणू लागला. ब्रॅमली वळून हात हलवायचा, मलाही. माझ्या नवऱ्याचं नाव त्याला आठवत तरी होतं का, देव जाणे. रोज पहाटे मी जपमाळ घेऊन बसे आणि जगात कुठल्याही पाठीराखीने मागू नये ते मागे. आम्ही हरावं.

फेब्रुवारीत पलीकडचे आले. पाऊस कोसळत होता. शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि आत गेला. ब्रॅमली रेडिओवाल्याकडे वळला. "या चिखलात कोण खेळणार? हे मैदान म्हणजे..."

"पुढचं बोल की!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. "बटाट्याचं शेत, म्हण! माझ्या विल्फचं नाव घे!"

रांग वळली. मग ऑसीनेच सुरुवात केली, "बटाटेवाला! बटाटेवाला!" आणि सगळा स्टँड त्या ठेक्यावर पाय आपटू लागला. ब्रॅमली कॉलर वर करून आत पळाला.

घरी आले तर विल्फ स्वयंपाकघरात उभा. "हरलो?"

"हो. आणि सगळ्यांनी त्याला..."

"उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी साचलं असणार. तिथली मोरी उपसतच नाहीत मेले." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आपण हरलो, आणि तू हसतेस?"

मी चहाचं आधण ठेवलं.

पुढचा सामनाही घरचाच होता. आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. काय मागितलं ते देवाला सांगितलं, विल्फला नाही.