उघड्या गोवरीवरचा विस्तव

बायांनो, शेजारी विस्तव मागायला कोण गेलं नाही? चूल विझली की गोवरीचा तुकडा शेजारणीच्या निखाऱ्यात धरायचा आणि फुंकर घालत घरी आणायचा. निजामाच्या राज्यात काडीपेटी घरोघर कुठली?

नायगावाजवळच्या एका वाडीत नागाबाईचं छप्पर अशाच विस्तवानं गेलं. शेजारची चतुराबाई उघडी गोवरी घेऊन वाऱ्यातून निघाली आणि ठिणगी तुराट्यांच्या कुडात शिरली. दावणीची कपिला गाय दावं तोडू शकली नाही. नागाबाई फिर्यादीला गेली, तर पोलीसठाण्याचे अमीनसाहेब म्हणाले, "आग का नाम नहीं होता, बाई." ती दात आवळून परतली. जात्यावर बसली की गायची,

जळाली माझी गाय, हिच्या फुंकरीच्या वाऱ्यानं
हिचं आंगण सारव देवा, त्याच एका निखाऱ्यानं

पुढच्या वैशाखात देवानं जणू ऐकलंच! दुपार कलता चतुराबाई पेटती गोवरी घेऊन नागाबाईच्या दारावरून गेली. तिच्याच कडब्याच्या गंजीशी निखारा पडला. तिला कळलंही नाही. ती आत गेली. गंजीच्या बुडाशी धूर वळवळू लागला.

उंबऱ्यात बसलेल्या नागाबाईच्या डोळ्यांत दिवाळी उजळली. "जळ म्हणावं! जळ!"

शेजारी सुपारी कातरत बसलेल्या म्हाताऱ्या सुईणीनं, रुक्मिणबाईनं, मान वर केली. "अगं नागे, काय बघून राहिलीस? ऊठ की!"

"न्हाई उठत, मावशे. माझी कपिला हंबरली तवा कोण उठलं व्हतं?"

"अन् त्या दिशी चतुरीला विस्तव कुणी दिला व्हता?"

नागाबाईनं नजर गंजीवरच ठेवली.

"तूच ना? म्या म्हणलं, झाकणाच्या गाडग्यात दे. तर तू म्हणलीस, मडक्यातला विस्तव मयताफुडं नेत्यात, माझ्या दारातून असला अपशकुन नगं. शकुन जपलास, गाय गेली! सूड घ्यायचाय नव्हं? घे! पर या उघड्या गोवरीच्या खोडीवर घे. चतुरीचं घर जळालं तरी खोड जळायची न्हाई. उद्या ती तिसऱ्याच्या कुडात शिरंल."

तिकडं गंजीशेजारी बांधलेल्या चतुराबाईच्या बैलांनी दाव्याला हिसके दिले. दाव्याचा तो करकर आवाज! कपिलेचं दावंही असंच करकरलं होतं. ती धावली. विळ्यानं दावी कापली, घरची घागर गंजीवर उपडी केली, ओंजळी भरभरून माती टाकली. धूर बसला.

चतुराबाई बाहेर आली आणि रडतच तिच्या गळ्यात पडू लागली. "नागाबाई, तू? तू वाचवलंस?"

"लांब हो! तुला माफ केलं न्हाई म्या." नागाबाईनं घरातून झाकणाचं गाडगं आणून तिच्या हातात कोंबलं. "विस्तव यातच न्यायचा. उघडी गोवरी दिसली, तर घागर तुझ्याच डोक्यावर रिती करीन. अन् मी विसरले, तर तू माझ्या डोक्यावर कर!"

त्या उन्हाळ्यात तिनं वाडीतल्या कितीतरी गोवऱ्या भिजवल्या, बायांच्या शिव्या खाल्ल्या. पण एकही छप्पर पेटलं नाही.

भावांनो, बायांनो, सूड घर जळाल्यावर सुचतो. झाकण त्याआधी सुचायला हवं. विस्तव झाकून नेण्यात अपशकुन नाही. उघडा नेण्यात मात्र आपलंच नव्हे, शेजाऱ्याचंही सरण रचलेलं असतं!