रविवारचा नकाशा

सोमवारी सकाळी धाकटी दादाच्या कारखान्यात आली, तेव्हा मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पॉलिश केलेल्या खुर्च्या, टेबलांचे पाय, फळ्या, सगळं ओळीने वाळत पडलं होतं. धाकटी दाराशीच थबकली.

ती नगरपालिकेत रस्त्यांचे आराखडे काढायची. नव्या वसाहतीपासून शाळेपर्यंत झाडांच्या सावलीतून जाणारी पायवाट, ही तिची दोन वर्षांची मेहनत. आज मुलं ट्रकांच्या रस्त्याच्या कडेने शाळेत जात होती, दादाची लेकसुद्धा. वरून निधी मिळणार होता, पण एका अटीवर : वाट सलग हवी, मध्ये कुठेही तुटता कामा नये. आणि ती दादाच्या अंगणातून जात होती. जागा नगरपालिकेची, दादा भाडेकरू.

"रविवारी इथे काहीच नसतं रे," ती म्हणाली.

"रविवारी कुलूप असतं, म्हणून सगळं आत असतं."

मोजणी तिने दर रविवारी केली होती. त्या दिवशी ट्रक नसतात, फीत आडवी धरता येते. कुंपणापलीकडे दिसलं ते रिकामं अंगण, आणि रिकामी जागा नकाशात हिरवी रंगवायची तिच्या कचेरीची पद्धत. तिने तो नकाशा दादासमोर उलगडला. दादाने अंगणाच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

"सगळं अंगण गेलं तर मी माल कुठे वाळवू? डोक्यावर?"

"बघते काहीतरी," ती एवढंच म्हणाली.

वहिनी चहा घेऊन आल्या. "वन्सं, लहानपणी दादाची पेन्सिल पळवायचात. आता अंगणावर आलात होय?"

धाकटी हसली आणि चहा तसाच ठेवून नकाशा गुंडाळू लागली.

गुरुवारी बैठक होती. तिने उभं राहून सांगितलं की पाहणी चुकली आहे, त्या अंगणात रोज काम चालतं आणि वाट तिथून नेली तर एक धंदा बुडेल.

मुख्य अभियंता बाईंनी चष्मा काढला. "भावाची जागा निघाली, म्हणून चुकली का?"

"चुकलीच होती, मॅडम. भावाची आहे म्हणून कळलं, एवढंच."

"वळसा घालून नेता येईल?"

"एका बाजूला नाला आहे, दुसऱ्या बाजूला ट्रकांचा रस्ता. नाल्यावर पूल बांधायला निधी पुरणार नाही."

"मग अर्ज मागे घ्यावा लागेल. पालिकेने वाटेसाठी ठेवलेला पैसा यंदा गटारांकडे वळेल. पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत."

"घ्या मागे," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी ती सरळ कारखान्यात गेली. दादाला आता हायसं वाटेल, अशी तिची खात्री होती. दादाने ऐकलं, हातातला पॉलिशचा बोळा डब्यावर ठेवला.

"मग यंदा पोरं?"

"ट्रकांच्या कडेनेच."

"वाट केवढी रुंद होती गं?"

"तीन मीटर."

दादा अंगणाकडे वळला. "मला वाटलं, सगळं अंगण."

"सगळं कुठे? नकाशात पांढरी रेघ होती ना, ती वाट. हिरवं म्हणजे नुसती मोकळी जागा."

"मला काय ठाऊक? मी विचारलं तेव्हा तू बोलली नाहीस."

धाकटीला त्याचं सोमवारचं 'सगळं अंगण गेलं तर' आठवलं. दादा चिडून वाढवून बोलतोय, असं तिने धरलं होतं. तुला किती जागा सोडता येईल, हे तिने त्याला विचारलंच नव्हतं.

दादाने कानावरची पेन्सिल काढली, खिशातली फीत काढली आणि कुंपणापासून माप घेऊन फरशीवर खूण केली. मग खुर्च्यांची एक ओळ उचलून दुसऱ्या ओळीला खेटवली, फळ्या भिंतीला उभ्या केल्या. काम फार नव्हतं. कुंपणालगत मोकळी पट्टी निघाली.

"होतं की."

"अर्ज गेला परत, दादा."

"फोन कर त्या बाईंना."

"मुदत आजच संपली."

लेक दप्तर घेऊन आली, मोकळ्या पट्टीवरून धावत टोकाला गेली आणि विचारू लागली की इथल्या खुर्च्या कुठे गेल्या. पलीकडून ट्रक गेला तशी वहिनींनी तिला हाक मारून आत घेतलं.

दादाने खुर्च्या परत जागेवर आणल्या नाहीत. पेन्सिलची खूण मात्र तो बोळ्याने पुसायला लागला, आणि पॉलिशचा तपकिरी डाग फरशीवर पसरत गेला.