बदामाची नव्वी

"थांबा, थांबा! ही बदामाची नव्वी कुठनं आली?" मलप्पाने रियाजचा हात धरला. "मघाशी बदामावर हुकूम मारलास की तू! पान असून मारलास?"

मलप्पाच्या बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर डाव थांबला. मेंढीकोटात चोरून पान बघितलं तर चार शिव्या देऊन सोडतात. पण आलेल्या रंगाचं पान हातात असताना हुकूम मारणं म्हणजे सरळसरळ बेइमानी. असा माणूस उठला की परत या ओट्यावर बसायचा नाही. नियम खुद्द रियाजनेच घातलेला. मलप्पाच्या मेहुण्याला, ग्यानोबाला, त्यानेच भर डावातून उठवलं होतं. मलप्पा ते विसरला असता तरच नवल!

समोर बसलेल्या माधवरावांनी हातातली पाने मिटली. हे शाळामास्तर, रियाज इतवाऱ्यातला शिंपी. पण अर्धं आयुष्य दोघे एकमेकांचे भिडू. कुणाकडे कुठलं पान उरलंय हे रियाज झोपेतही सांगायचा. दिवाळीआधी मात्र लातूरच्या डॉक्टरकडून परतताना एसटीत त्याने माधवरावांचं मनगट घट्ट धरलं होतं. "मास्तर, डोकं रिकामं व्हायलंय माझं. ओट्यावर कुणाला बोललास तर तुझं तोंड बघणार न्हाई."

आता काय करावं? खरं सांगावं तर भिडूची लाज चव्हाट्यावर. गप्प राहावं तर जन्मभराचा इमानी माणूस बेइमान ठरतो. इकडे आड, तिकडे विहीर!

"मलप्पा, अरे, चुकून झालं असंल," माधवराव म्हणाले.

"चुकून? रियाज अन् चुकून?" चौथा गडी आनंदराज खो खो हसला. "मास्तर, भिडूची बाजू किती घ्यायची, काही हद्द?"

"तसं न्हाई. त्याला ना..."

रियाज नव्वीकडे बघत होता. ती त्याला आत्ताच पहिल्यांदा दिसली असावी. मग त्याने माधवरावांचं उघडलेलं तोंड पाहिलं आणि हातातली पाने खाली टाकली.

"चुकून न्हाई. दाबून ठेवली हुती. केली बेइमानी."

"काहून पण?" मलप्पाने विचारलं.

"जिंकावं वाटलं. लई दिवस झाले जिंकून."

तो उठला. चपला धुंडताना त्याने मलप्पाच्याच चपलेत पाय घातला. माधवरावांनी त्याची चप्पल पुढे सरकवली. मलप्पाला आता बरं वाटायला हवं होतं, पण तो मान खाली घालून नुसता पत्ते गोळा करत राहिला.

वाटेत माधवरावांना राहवलं नाही. "काहून बोललास असं? सारा जन्म घातलास की मातीत!"

"बेइमानाला लोक शिव्या देतेत, मास्तर. येड्याची कीव करतेत. आपल्याला शिव्या चालतेत."

बोलता बोलता गल्लीचा फाटा आला आणि रियाज थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग उगाच खिसे चाचपू लागला. माधवराव डावीकडे वळले. तो मागोमाग आला.

रियाजची बायको खातूनबी दारातच उभी होती. नवरा आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "भाईजान, उद्या बी चारला घेऊन जावा. पत्ते हातात असले की तेवढा वेळ ते पहिल्यासारखे असतेत."

कुठे नेणार होते माधवराव त्याला? एकच तर जागा होती, ती आज गेली.

"हाव, भाभी," ते म्हणाले. "येतो की."

चहासाठी ते आत गेले. रियाज जुन्या मशीनजवळ बसला होता. त्यांना बघून तो लगबगीने उठला, गिऱ्हाइकासमोर हसावं तसं हसला आणि खुंटीवरचा टेप त्याने गळ्यात घातला.

"या साहेब, या. नवीन दिसता. शर्ट शिवायचा का?"

माधवराव क्षणभर दारातच थबकले. मग पुढे झाले आणि दोन्ही हात बाजूला पसरून माप द्यायला उभे राहिले.