मनकवडा

“मावशी, शिंगं किती हवीत? दोन की चार?”

वायरमास्तरांनी दोन आणि चार अँटेनांच्या राउटरची दोन खोकी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा नाकावर चढवला. सगळ्या इमारतीच्या तारा हेच गृहस्थ जोडायचे. अंगाने असे भारदस्त, की शिडीवर ते चढायचे आणि कण्हायची शिडी.

“शिंगं घेऊन मला कुणाला टक्कर मारायचीय?” हॅलोमावशी म्हणाल्या. “लेक म्हणाला, एक राउटर बंद पडला तर दुसरा हाताशी असावा. तुम्ही म्हणाल तो घेते.”

हॅलोमावशी हे नाव इमारतीनं ठेवलेलं. एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डापुढे बसल्या होत्या. कुणाला मूल झालं, कुणाचं माणूस गेलं, कुणाचं लग्न मोडलं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. कानांतून मात्र नाही. दोन्हीकडचं ‘हॅलो’ जुळलं की आपला कान काढून घ्यायचा, हा तिथला पहिला धडा. शेजारच्या खुर्चीवरची एक मुलगी एकदा कान लावून खुदुखुदु हसताना दिसली, तर मावशी तिच्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या.

निवृत्त झाल्या तरी जिभेची सवय जाईना. नवरा गेलेला, लेक समुद्रापलीकडे. मग त्या शेगडीशी बोलत, नळाशी भांडत, दुखऱ्या गुडघ्याची समजूत काढत.

“पण चिरंजीवांना एवढी घाई का झालीय?” मास्तरांनी विचारलं. “सकाळपासून तीन फोन मला.”

“अहो, इथलं नेट गेलं की दहाव्या मिनिटाला त्याचा जीव खालीवर! मनकवडा आहे माझा लेक. गुडघा दुखला की नेमका त्याच दिवशी विचारतो, गुडघा कसाय. मागे मी स्वयंपाकघरात घसरले. उठता येईना, आवाज फुटेना. पाच मिनिटांत शेजारीण किल्ली घेऊन दारात! म्हणते, तुमच्या लेकाचा फोन आला, आईकडे जा, माझं मन खातंय. आता सांगा.”

“नशीबवान आहात. आमची दोन एकाच छताखाली राहतात, पण थर्मामीटर नाकासमोर धरल्याशिवाय बापाचा ताप कळत नाही त्यांना.”

मावशी मनापासून हसल्या. मास्तरांनी मोबाइल काढला. “बरं, वस्तू किती जोडायच्या? त्यावरून केवढा घ्यायचा ते ठरवू.”

“दोन. माझा फोन आणि टीव्ही.”

“तीन दिसतायत.”

“तिसरं शेजारणीचं असेल. आगाऊ आहे ती.”

“नाही हो, तुमच्याच घरातलं आहे. आणि खादाड तर कसलं! रात्रंदिवस चालू. टीव्ही याच्यापुढे उपाशी म्हणायचा.” मास्तरांनी पडदा डोळ्यांजवळ धरला. “किचन कॅमेरा, असं नाव आहे.”

“कॅमेरा? माझ्याकडे?” मावशींना अजून हसूच येत होतं.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन वर पाहत राहिले. छताला बशीएवढं पांढरं, गोल काहीतरी होतं.

“हे काय?”

“ती धुराची घंटा. दोन वर्षांपूर्वी आला होता तेव्हा लेकानंच बसवली. दूध करपलं तरी बोंब मारेल म्हणाला.”

“मग मारली का कधी?”

मावशी आठवू लागल्या. दूध तर कितीदा करपलं होतं.

मास्तर स्टुलावर चढले, नाक लावून पाहिलं, आणि उतरताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “मावशी, हिला डोळा आहे. शेजारी हे बारीक भोक दिसतंय ना, तो कान.”

मावशींचा हात आपोआप गळ्याशी गेला. त्यांनी गाऊनचं वरचं बटण लावलं. मग पाठमोरं न होता, एकेक पाऊल मागे टाकत त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि बोळातल्या भिंतीला टेकल्या. दोन वर्षं. त्या आठवत गेल्या तसतसा एकेक दिवस उठून अंगावर येऊ लागला.

‘या गुडघ्याला मेलं कुणी विचारत नाही,’ असं त्या शेगडीला म्हणाल्या होत्या. संध्याकाळी लेकानं विचारलं. फरशी बर्फासारखी लागते म्हणून नळाला सांगितलं. आठवड्यात उबदार सपाता आल्या. आणि एका दुपारी, परात घासता घासता, ‘सून बोलते गोड, पण आतून कोरडी गं बाई.’ सून त्यानंतर फोनवर आलीच नव्हती. ‘कामात आहे,’ लेक म्हणायचा. शेगडीला सांगितलं ते शेगडीनं पोटात ठेवलं नाही, नळाला सांगितलं ते नळानं ठेवलं नाही.

चोरी झाली असती तर काय गेलं ते सांगता आलं असतं. इथं घरातली काडी हलली नव्हती, आणि मावशींचा मनकवडा गेला होता.

“पाणी देऊ?” मास्तर म्हणाले. “काळजीपोटीच केलं असेल हो त्यानं. तुम्ही पडलात तेव्हा...”

“हो. त्यानंच वाचवलं. म्हणून तर शिवीही देता येईना.” मग म्हणाल्या, “नवा राउटर लावला की ते वरचं त्याच्यावरही जाईल?”

“जुनंच नाव, जुनाच पासवर्ड ठेवला तर आपोआप जाईल. चिरंजीवांनी बजावलंयच तसं.”

“आणि नाव वेगळं ठेवलं तर?”

“मग ज्याला त्याला नव्यानं आत घ्यावं लागेल. तुम्ही घ्याल तोच येईल.”

“वेगळं ठेवा. नवा आत्ताच चालू करा, जुना राहील हाताशी. दोन शिंगांचा पुरे. दोनच तर वस्तू आहेत.”

मास्तर घुटमळले. “आणि उद्या परत पडलात तर?”

“रोज सकाळी मी शेजारणीचं दार वाजवीन. नाही वाजवलं तर ती येऊन बघेल.” मावशींनी गाऊनचं बटण चाचपलं. “आणि दुपारी पडले तर सकाळपर्यंत पडून राहीन. लावा तुम्ही.”

मास्तरांनी मान खाली घालून काम केलं. फोन जोडला, टीव्ही जोडला, जुन्याची वायर काढली. मग ते निघाले.

फोन आला तो दहाव्या मिनिटाला.

“आई, नेट गेलंय का? बरी आहेस ना?”

“नेट आहे. त्याच्यावरच बोलतोयस तू.”

पलीकडे शांतता पसरली. एकतीस वर्षं शांतताही जोडून दिलेल्या बाईला ती लगेच ओळखू आली. त्याला कळलं होतं.

“मी सांगितलं असतं तर तू लावू दिलं नसतंस,” तो म्हणाला.

“नसतंच दिलं.”

“आणि पडलीस तेव्हा?”

“तेव्हाचं तेव्हा. तू ऐकत बसायचास?”

“नेहमी नाही.” त्याचा आवाज लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला. “कामावरून आलो की लावून ठेवायचो. तुझी सून उशिरा येते. तू भांड्यांशी बोलायचीस... घरात कुणी असल्यासारखं वाटायचं.”

दोन वर्षं त्या एकट्या बोलत होत्या, आणि दोन वर्षं तो एकटा ऐकत होता.

“आई? आहेस ना? काय करतेयस आत्ता?”

बोळातल्या भिंतीशी त्या खाली फरशीवर बसल्या होत्या. गालांवरून पाणी वाहत गाऊनच्या गळ्यात उतरत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

“काही नाही रे,” त्या म्हणाल्या. “चहा टाकतेय.”

“बरं,” तो म्हणाला. त्याला ते खरं वाटलं.