पहिलं आधण

माझं काम सरळ आहे, तरी लोकांना ते कळत नाही. कारखान्यात काही नवं करायचं ठरलं की आधी ते थोड्या प्रमाणावर करून बघायचं आणि जमलं की नाही ते सांगायचं. नाही जमलं तर तसं सांगायचं. हे शेवटचं वाक्य मला दोन नोकऱ्यांना पडलंय. "पद्मजाबाई, जरा सांभाळून घ्या ना," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. सांभाळून घ्यायला चाचणी म्हणजे काय नव्या सुनेची पहिली पोळी आहे?

तर पुण्याजवळच्या मांजरी गावचा रविराज. तो मला ताई म्हणतो, मी त्याला राखी बांधते. अर्धी जमीन बिल्डरला देऊन उरलेल्या जमिनीत त्यानं गुळाचा प्लांट टाकला आणि स्वतः आमच्या विश्रांतवाडीच्या घरी आला. म्हणाला, ताई, बिनरसायनाचा गूळ करायचाय, पण दिसायला पिवळाच पाहिजे.

हे पिवळ्याचं खूळ मार्केट यार्डाचं. तिथे गूळ आधी डोळ्यांनी विकत घेतात. काळपट ढेप दिसली की व्यापारी तिच्याकडे उष्ट्या ताटाकडे बघावं तसं बघतो. म्हणून बहुतेक जण उकळत्या रसात हायड्रोस नावाची पांढरी पावडर टाकतात. तिनं रंग उजळतो आणि गंधक मागे राहतं. त्याऐवजी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढायची, ही जुनीच रीत आहे. पण रस किती घालायचा, कधी घालायचा, जाळ कसा ठेवायचा, हे कुणी धड मोजलेलं नव्हतं. ते मी मोजणार होते. लहान मुलांचं खाणं बनवणारी एक कंपनी सगळा गूळ उचलायला तयार होती. अट एवढीच, की अहवालाखाली माझी सही हवी.

मला यातून एकच गोष्ट हवी होती. भेंडीनं गूळ खरंच उजळतो का, याचं खरं उत्तर. हो असो की नाही असो. त्याआधी कांदा वाळवायच्या यंत्राची माझी चाचणी फसली होती आणि मी खोटं कशाला बोलू, अंथरूणच धरलं होतं. श्यामनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तेव्हा बँकेतून रजा घेऊन मला मऊ भात भरवला. त्यामुळे या वेळी मी फार जपून चालले होते.

आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात सोनं! काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, गूळ निघाला तो पिवळाधमक. मी भेंडी कमी केली, वाढवली, लवकर घातली, उशिरा घातली. गूळ पिवळाच. घरी नमुना नेला की श्याम चष्मा वर करून तो उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "छान." त्यांचं छान म्हणजे छान. उगाच कौतुक करणाऱ्यातले नव्हेत ते. निदान मी तसं समजत होते.

खरं तर तिथेच मला खटकायला हवं होतं. एक दिवस भेंडी शिळी आली, रस पाण्यासारखा पातळ. तरी रंग तोच. मी कमी-जास्त करतेय आणि उत्तर हलत नाही, म्हणजे मी फिरवतेय त्या कळीला काही जोडलेलंच नाही. हे मी हाताखालच्या पोरांना शिकवत आले. पण स्वतःवर आलं तेव्हा म्हटलं, या वर्षी ऊसच चांगला आहे. कपाळ माझं!

हंगाम संपत आला होता. कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी अहवाल न्यायला येणार होती. रविराजच्या बायकोनं, तनुजानं, मला जेवायला थांबवलं. पानात पोळीशेजारी तुपाबरोबर गुळाचा खडा होता. मधासारखा तांबूस, जरा गडदच. मी विचारलं, हा कुठला? ती म्हणाली, आपलाच की ताई, सकाळचा. देवाचं आधण.

काहीलभर रस एकदा उकळून काढला की त्याला आधण म्हणतात. मांजरीत रोज चुलाण पेटवलं की पहिलं आधण भैरवनाथाचं असतं. त्यातला गूळ देवापुढे ठेवायचा आणि मग घरात, शेजारी वाटायचा. मीही पहिलं आधण चाचणीत धरत नसे. चुलाण नीट तापलेलं नसतं, त्यावरून काही ठरवू नये, हा आमच्या धंद्यातला नियम. त्यामुळे देवाचा गूळ मी कधी बघितलाच नव्हता. माझ्या पिशवीत त्याच सकाळच्या दुसऱ्या आधणाचा नमुना होता. तो काढून मी ताटात शेजारी ठेवला. ऊस एका फडातला, भेंडी एका बादलीतली. एक खडा तांबूस, दुसरा पिवळाधमक. चुलाण कमी तापलं म्हणून एवढा फरक पडत नाही.

मी हात धुतले आणि सरळ गूळ करणाऱ्या गुळव्याकडे, हिंदुरावकडे गेले. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. मला ठाऊकच आहे असं तो धरून चालला होता. भेंडीचा रस घातला की मी शेडबाहेर मोजमापं लिहायला बसायचे, तेवढ्यात तो मालकांनी दिलेली पावडर टाकायचा. मी विचारलं, मग पहिल्यात का नाही टाकलीस?

तो माझ्याकडे बघतच राहिला. "द्येवाच्या आधणात? असं कोण करंल वो?"

आता बोला. देवाला फसवायची यांची छाती नाही, आणि मला फसवताना हात कापला नाही. माझ्या सहीनं तो गूळ तान्ह्या पोरांच्या वाटीत जाणार होता, त्याचंही काही नाही.

रविराज ऑफिसात होता. मी दोन्ही खडे त्याच्या टेबलावर ठेवले आणि उभी राहिले. बराच वेळ तो ताई ताई करत राहिला. मी बसत नाही म्हटल्यावर खाली मान घालून म्हणाला, "पहिल्या दिवशी गूळ काळपट आला असता तर तुमी हाय खाल्ली असती. दाजींनीच फोन केला होता. म्हणाले, यंदा तिला यश येऊ दे, काय लागंल ते कर."

दाजी म्हणजे श्याम.

मांजरीहून विश्रांतवाडीपर्यंत स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. श्याम खुर्चीत पेपर वाचत होते. मी चप्पलही न काढता विचारलं, आणि त्यांनी नाकारलं नाही. त्यांना वाटलं होतं एवढंसं चिमूटभर घालतील, कुणाचं काय बिघडतंय. माझे ते कांद्याचे दिवस त्यांना पुन्हा बघायचे नव्हते.

"तुला पुन्हा हरताना बघवलं नसतं गं मला," ते म्हणाले.

"मी हरणार हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

त्यांनी पेपरची घडी घातली. माझा संताप संताप झाला. कुणी सांगितलं नव्हतंच. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, पहिली काहील चढायच्या आधी. मी आजारी होते तेव्हा ज्या मायेनं भात भरवला त्याच मायेनं हे केलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शत्रूशी भांडता तरी येतं हो.

कंपनीला मी फोन करून सांगितलं, अहवाल नाही, आणि का नाही तेही. पलीकडून आवाज थंड झाला आणि फोन ठेवला गेला. मग रविराजला सांगितलं की उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून, मी काहिलीपाशी स्वतः उभी राहीन. तो म्हणाला, ताई, फड रिकामा झाला, ऊस संपला. आणि फड होता बिल्डरला दिलेल्या जमिनीत, पुढच्या वर्षी तिथे बिल्डिंग उठणार होती. म्हणजे भेंडीनं गूळ किती उजळतो हे मला माहीत नाही. मांजरीत कुणालाच माहीत नाही.

संध्याकाळी श्यामनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "तुझी ती भेंडीची पद्धत छानच असणार."

मी त्यांच्याकडे बघितलं. लग्नापासून या माणसाला मी सगळं दाखवत आले. केलेली भाजी, नेसलेली साडी, लिहिलेले अहवाल, मुलाला लावलेलं वळण. सगळ्याला ते छान म्हणाले होते आणि त्यावर मी निश्चिंत झोपले होते.

"आमटी छान होती का हो?" मी विचारलं. "आपल्या लग्नानंतरची, पहिली?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मी हातानंच थांबवलं. ते काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.