बैठकीच्या दाराशी

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी टोपली आहे. शिमोग्याकडच्या नागव्वा मेदारणीने, म्हणजे तुमच्याकडच्या बुरुडणीने, मला विणले, ते मारुतीच्या देवळात फुले ठेवायला. तिथे हरिकथा चाले. दासांनी चिपळ्या वाजवून नाम घेतले की दिवसभर राबून आलेली माणसेही ताजीतवानी होऊन डोलत. पुढे देवळात पितळी परडी आली, आणि पुजाऱ्याने मला वीज कार्यालयातल्या शिपायाला, थिप्पेशला देऊन टाकले.

तिथे माझ्या पोटात मोबाइल पडू लागले. बैठकीत कुणी फोन न्यायचा नाही, ही मोठ्या साहेबांची शिस्त. सकाळी आढाव्याची बैठक, दुपारी वसुलीची, मग सकाळी काय ठरले होते त्याची. अभियंता शशिरेखा मॅडम बाहेर येत, त्या भिंतीचा आधार घेतच.

"थिप्पेशा, कामाला लागायचं कधी रे?"

"मॅडम, बसणं हेच काम झालंय आता. माझ्यासारखं दाराशी तरी बसा, वारा लागतो!"

अशाच एका बैठकीत ठरले, मॅडमनी सांगितल्याशिवाय उपकेंद्राने लाइन बंद करायची नाही.

मग एका दुपारी वादळाने सुपारीच्या बागेत तार तुटून पडली. लाइनमन चौडप्पाने उपकेंद्राला कळवले. तिथले म्हणाले, मॅडमना विचार. मॅडम आत होत्या, सुरक्षेच्या बैठकीत. त्यांचा फोन माझ्या पोटात थरथरत राहिला. शेवटी थिप्पेशने तो उचलला.

"अण्णा, तार जिवंत आहे! बागेत बायका अडकल्यात. मॅडमना दे आधी!"

थिप्पेशने दार ढकलले. "साहेब, चौडप्पाचा..."

"दार लाव! बैठक संपू दे."

मॅडम अर्ध्या उठल्या. साहेबांनी नुसते पाहिले. बसून बसून बधिरलेल्या त्या बाईच्या अंगात भांडायचे त्राणच उरले नव्हते. त्या खाली बसल्या.

तिकडे चौडप्पाने बांबूने तार बाजूला सारली. बायका वाचल्या. बांबू ओला होता, माझ्याच कुळातला. चौडप्पा वाचला नाही.

त्याच्या मृत्यूची चौकशी करायला बैठक भरली. थिप्पेशने मला पुढे केले. "मॅडम, फोन."

मॅडमनी फोन मुठीत घट्ट धरला. "आत सांग, मी चौडप्पाच्या घरी चाललेय. काय शिक्षा द्यायची ती द्या म्हणावं."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. बाकीच्यांनी आपापले फोन मुकाट्याने माझ्यात ठेवले आणि दार लागले.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कुणाकुणाला समोर बसवून घ्याल. तेव्हा एवढे आधी विचारा, बाहेर या माणसाची वाट कोण पाहते आहे? हाक आली तर त्याला उठू द्या. माणसाच्या हाकेला हरिकथेतून उठून धावणाऱ्यावर देवसुद्धा रागावत नाही.